डॉइचलँड-टिकेट: रोजच्या लॅबला पैसे वसूल, काकांकडे जाताना वेळ मोजून

उन्हाळी रिसर्च इंटर्नशिपला जर्मनीत जाणारी मुलं गोव्यात आता नवलाची राहिलेली नाहीत. फर्मागुडीचं अभियांत्रिकी महाविद्यालय, झुआरीनगरचं बिट्स, कुंकळ्ळीचं एनआयटी, ताळगाव पठारावरचं विद्यापीठ, कुठे ना कुठे कुणीतरी 'डाड' या जर्मन संस्थेच्या 'वाइज' शिष्यवृत्तीवर नाहीतर थेट प्राध्यापकाला ईमेल करून गेलेलं असतं. मुक्काम दोन-तीन महिन्यांचा, मे ते ऑगस्टच्या दरम्यान. काम संपलं, शेवटचं प्रेझेंटेशन झालं, की विमानाआधी आठ-पंधरा दिवस हातात उरतात. नेमका तेव्हाच घरून फोन येतो: आत्येच्या जावेचा मुलगा स्टुटगार्टला असतो, आजीच्या मावसभावाची नात कोलोनला, एवढ्या लांब गेलास तर भेटून ये.

या दोन्ही गोष्टींसाठी, म्हणजे रोजच्या लॅबला आणि शेवटच्या नातेवाईक-फेरीला, बहुतेक मुलं एकच वस्तू विकत घेतात: डॉइचलँड-टिकेट, जर्मनीभर चालणारा मासिक पास. इथे परीक्षण त्याचंच आहे. निकाल आधीच सांगून टाकतो. एका शहरात राहून रोज ये-जा करणाऱ्याला याच्यासारखा सौदा दुसरा नाही. चार गावांतल्या चार घरी आठवड्याभरात जाऊन यायला मात्र हा पास एकटा पुरत नाही, आणि त्याच्या जोडीला काय घ्यायचं हे आधी ठरवलं नाही तर सुट्टीतला अख्खा दिवस फलाटावर जातो.

पास १ मे २०२३ रोजी ४९ युरोला सुरू झाला. त्याआधी २०२२ च्या जून ते ऑगस्टमध्ये ९ युरोचा प्रयोग झाला होता, त्याचाच हा वाढलेला भाऊ. जानेवारी २०२५ पासून किंमत ५८ युरो झाली आणि जानेवारी २०२६ पासून ६३. सीनियर सांगतात तो ४९ चा आकडा विसरा, बजेट ६३ नेच मांडा. यात देशभरातल्या सगळ्या लोकल आणि प्रादेशिक गाड्यांचा दुसरा वर्ग येतो: आरई आणि आरबी या प्रादेशिक गाड्या, एस-बान ही उपनगरी लोकल, शिवाय शहरातली ऊ-बान म्हणजे मेट्रो, ट्रॅम, बस. हँबुर्गला बंदरातल्या सार्वजनिक फेरीबोटीही. आयसीई, आयसी, ईसी या लांब पल्ल्याच्या गाड्या आणि फ्लिक्स या खासगी कंपनीच्या बस-गाड्या यात येत नाहीत. काही मोजक्या टप्प्यांवर आयसीत बसू देतात, पण त्याची खात्री त्या-त्या गाडीच्या तपशिलात बघूनच करायची. एक आयसी चालली म्हणून दुसरी चालेल असं नसतं.

विकत घेताना कुठे अडतं

पास म्हणजे दरमहा आपोआप नूतनीकरण होणारं सदस्यत्व. सुटं, एका महिन्याचं तिकीट मिळत नाही. पुढच्या बहुतेक अडचणी इथूनच निघतात.

बहुतेक विक्रेते पैसे 'सेपा' पद्धतीने, म्हणजे युरोपातल्या बँक खात्यातून थेट वजा करून घेतात. त्यासाठी आयबॅन क्रमांक लागतो, आणि काही जण ग्राहकाची पतही तपासतात. नुकत्याच उतरलेल्या इंटर्नकडे पहिल्या आठवड्यात यातलं काहीच नसतं. ऑनलाइन बँकांची खाती लवकर उघडतात, पण पासपोर्टची व्हिडिओ पडताळणी कधी अडेल ते सांगता येत नाही. अशा वेळी क्रेडिट कार्ड किंवा पेपॅल घेणारा विक्रेता शोधावा. हँबुर्गच्या वाहतूक संघाचं 'एचव्हीव्ही स्विच' अ‍ॅप ही मुभा देतं, आणि हँबुर्गला घेतलेला पास म्युनिकच्या ट्रॅममध्येही तसाच चालतो. कुठल्या शहराच्या अ‍ॅपमधून घेतला याने प्रवासात काडीचाही फरक पडत नाही.

भारतीय कार्ड वापरणार असाल तर एक खाचखळगा लक्षात ठेवा. ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे कार्डावरून दरमहा आपोआप जाणाऱ्या रकमेला आधी नोंदवलेली ई-मँडेट लागते. परदेशी विक्रेत्याकडे ती बहुतेकदा नसते. पहिल्या महिन्याचे पैसे ओटीपी देऊन सुरळीत जातात, दुसऱ्या महिन्याची वजावट नाकारली जाते आणि पास अ‍ॅपमधून गुपचूप नाहीसा होतो. म्हणून महिन्याच्या १ तारखेला, घराबाहेर पडण्याआधी, अ‍ॅप उघडून नवा पास आला आहे ना हे बघायचंच. प्रीपेड फॉरेक्स कार्डाच्या भरवशावर तर हा पास घेऊच नये.

विद्यार्थ्यांसाठीची स्वस्त आवृत्ती, डॉइचलँड-सेमेस्टरटिकेट, मूळ किमतीच्या ६० टक्क्यांत मिळते. पण ती जर्मन विद्यापीठात रीतसर प्रवेश असलेल्यांना. वाइजचा इंटर्न हा पाहुणा असतो, नोंदणीकृत विद्यार्थी नव्हे. संस्था आपल्या कर्मचाऱ्यांना सवलतीचा 'जॉबटिकेट' देत असेल तर प्राध्यापकांच्या सेक्रेटरीला पहिल्याच दिवशी विचारून घ्या. शिष्यवृत्तीवर आलेल्याला बहुधा नकार मिळतो, पण विचारायला पैसे पडत नाहीत.

तारखांचं गणित

हा पास कॅलेंडरच्या महिन्यावर चालतो, तीस दिवसांवर नव्हे. २० मे रोजी उतरून त्याच दिवशी घेतला तर ३१ मे रोजी तो महिना संपला. पहिल्या अपुऱ्या महिन्याचे काही विक्रेते फक्त उरलेल्या दिवसांचे पैसे घेतात, काही पूर्ण ६३ युरो कापतात. घेण्याआधी ही ओळ शोधून वाचा. पूर्ण पैसे कापणारा असेल तर हिशेब सोपा आहे. बर्लिनमध्ये शहराच्या हद्दीतलं एकेरी तिकीट ४ युरोच्या आसपास पडतं, म्हणजे सोळा फेऱ्यांत, रोज जाऊन-येऊन आठ दिवसांत, पास वसूल. २० तारखेला उतरलात तर घ्या, २६ ला उतरलात तर आठवडा सुट्या तिकिटांवर काढा.

शेवट याहून नाजूक. पास बंद करायची सूचना त्या महिन्याच्या १० तारखेपर्यंत द्यावी लागते, तर तो महिनाअखेर बंद होतो. समजा इंटर्नशिप ३१ जुलैला संपते, नातेवाइकांकडे १४ ऑगस्टपर्यंत राहायचं आहे आणि १५ ला विमान आहे. ऑगस्टचा पास लागणारच, तेव्हा 'क्युंडिगुंग'चं, म्हणजे रद्द करण्याचं, बटण १ ते १० ऑगस्टच्या दरम्यान दाबायचं. ११ तारखेला आठवण झाली तर सप्टेंबरचे ६३ युरोही गेले, तुम्ही तोवर फोंड्यात चवथीच्या माटोळीचं सामान शोधत असलात तरी. सर्वांत सुरक्षित म्हणजे जुलैच्या शेवटच्या आठवड्यातच ऑगस्टअखेरसाठी सूचना देऊन टाकणं. अ‍ॅपमध्ये शेवटची तारीख ३१ ऑगस्ट दिसते का ते बघा आणि आलेला ईमेल जपून ठेवा.

काही हुशार मुलं पास बंद न करता बँकेचं खातंच बंद करून येतात. तो मार्ग नको. वजावट परत फिरते, तिचा दंड लागतो, मग स्मरणपत्रं निघतात, आणि शेवटी प्रकरण वसुली कंपनीकडे जातं. सदस्यत्व घेताना पत्ता म्हणून कोलोनच्या काकांचं घर दिलेलं असलं तर ही पत्रं त्यांच्या पेटीत पडतात. दूरच्या नात्यात इतकी जवळीक कुणाला नको असते.

रोजच्या वापरात

इथे तक्रारीला जागा फारशी नाही. गार्शिंगच्या संशोधन-संकुलाला ऊ-६ ने जा, युलिशला छोट्या रेल्वेबसने जा, आखेनहून कोलोनला तासाभरात आरईने उतरा, कुठेही तिकीट काढायचं नाही, झोन मोजायचे नाहीत, शिक्का मारायचा नाही. जर्मन शहरांमधली झोनची पद्धत नवख्याला डोकेदुखी असते, आणि चुकीच्या झोनचं तिकीट म्हणजे विनातिकीटच. ६३ युरोंतला बराचसा मोबदला हा त्या कटकटीतून सुटकेचा आहे.

पास नावावर असतो, म्हणून सोबत पासपोर्ट हवा. त्याची झेरॉक्स किंवा कॉलेजचं ओळखपत्र तपासनीस मान्य करेलच असं नाही. पासचा स्क्रीनशॉट चालत नाही, चालू अ‍ॅपमधला क्यूआर कोडच दाखवावा लागतो. फोनची बॅटरी संपली की कागदोपत्री तुम्ही विनातिकीट, दंड ६० युरो. मात्र पास नावावर असल्यामुळे, त्या दिवशी तो वैध होता हे आठवड्याभरात कार्यालयात किंवा ऑनलाइन दाखवलं तर दंड ७ युरोंवर येतो. तपासनीसाने दिलेली पावती म्हणूनच फेकायची नाही. पॉवरबँक सात युरोंहून महाग पडते, पण ती तशीही लागतेच.

दुमजली आरईत बसताना दारावर आणि डब्यावर '१' असा आकडा आहे का बघा. वरच्या मजल्याचा एखादा रिकामा, शांत कप्पा दिसला की आपली मुलं हौसेने जाऊन बसतात. तो पहिला वर्ग असतो आणि तिथे हा पास म्हणजे नुसता कागद.

आता काकांकडे

नकाशावर जर्मनी लहान वाटते. आयसीईने ती लहान आहेही. प्रादेशिक गाड्यांनी ती अचानक मोठी होते. फ्रँकफुर्ट ते कोलोन आयसीईने तास-सव्वातास, ऱ्हाइनच्या काठाने आरई-आरबीने सुमारे तीन तास. स्टुटगार्ट ते म्युनिक आयसीईने सव्वादोन तासांच्या आसपास, उल्मला गाडी बदलून प्रादेशिक गाड्यांनी साडेतीन. बर्लिन ते हँबुर्ग पावणेदोन तासांच्या जागी चारच्या वर. आणि बर्लिन ते म्युनिक? आयसीईने चार-साडेचार तास, या पासवर नऊ-दहा तास आणि तीन-चार बदल. मडगावला मांडवी एक्सप्रेस समोर उभी असताना ती सोडून द्यावी, सावंतवाडीपर्यंत कसंबसं जावं आणि तिथून दिवा पॅसेंजरने मुंबई गाठावी, तसला हा प्रकार.

आमच्या मते मर्यादा अशी: चार तास आणि दोन बदल. त्याच्या आत असेल तर पासवर निश्चिंत जा. लाइपझिग-ड्रेस्डेन तर पासवरच जावं, कारण आरई दीड तासाच्या थोडं वर घेते आणि आयसीईने वाचणारा अर्धाएक तास पैसे मोजण्याइतका मोलाचा नाही. माइन्त्स ते कोब्लेन्झ हा ऱ्हाइनकाठचा टप्पा तर मुद्दाम सावकाश गाडीने करण्यासारखा आहे. खिडकीशी नदी, पलीकडे द्राक्षांचे उतार आणि किल्ले, आणि आयसीईवाल्यांना यातलं काही दिसत नाही, कारण ती गाडी डोंगरातल्या बोगद्यांतून जाते. कोलोनकडे जाताना उजव्या हाताची खिडकी धरा.

चार तासांच्या पलीकडे गेलात की प्रत्येक बदल हा जुगार होतो. प्रादेशिक गाड्यांच्या वेळापत्रकात गाडी बदलायला सहा-आठ मिनिटंच असतात. पहिली गाडी दहा मिनिटं उशिरा आली की पुढची चुकते, आणि लहान स्टेशनावर त्यानंतरची तासाने, रविवारी कधी दोन तासांनी. जर्मन रेल्वे डॉइश बानच्या डीबी नॅव्हिगेटर अ‍ॅपमध्ये फक्त डॉइचलँड-टिकेट चालणाऱ्या गाड्या दाखवा असा पर्याय आहे. त्याच्याच शेजारी गाडी बदलायला किमान किती वेळ हवा हेही ठरवता येतं. तिथे १५ मिनिटं घाला. यादी छोटी होते, पण जी उरते ती पार पडते.

उशिराची भरपाई या पासवर नावापुरतीच आहे. मुक्कामी पोचायला तासाच्या वर उशीर झाला तर १ युरो ५० सेंट, आणि एकूण रक्कम ४ युरो झाल्याशिवाय पैसे मिळत नाहीत. म्हणजे तीन मोठे उशीर साठवले तर साडेचार युरो. त्याहून महत्त्वाचं म्हणजे, साध्या प्रादेशिक तिकिटावर वीस मिनिटांचा उशीर दिसत असेल तर आयसीई पकडून नंतर पैसे मागता येतात, ती सोय या पासला नाही. तो भरघोस सवलतीच्या तिकिटांत मोडतो. गाडी रद्द झाली म्हणून समोरच्या आयसीईत चढलात तर पूर्ण तिकीट काढावं लागेल, जोवर रेल्वे स्वतः घोषणा करून मुभा देत नाही.

म्हणून लांबच्या घरासाठी 'श्पारप्राइस' घ्यायचं, म्हणजे विशिष्ट गाडीला बांधलेलं आयसीईचं सवलतीचं तिकीट. २७ वर्षांखालच्यांसाठी त्याची आणखी स्वस्त आवृत्ती आहे आणि आपले इंटर्न तीत बसतात. तारीख जवळ आली की भाव चढतो, तेव्हा लॅबचा शेवटचा दिवस ठरल्याबरोबर बुकिंग करावं. 'झूपर श्पारप्राइस' सर्वांत स्वस्त, पण परत करता येत नाही. साधं श्पारप्राइस प्रवासाच्या आदल्या दिवसापर्यंत १० युरो कापून परत होतं. ज्या घरी कधी गेलेला नाहीत आणि ज्यांचे बेत व्हॉट्सअ‍ॅपवर रोज बदलतात, त्यांच्यासाठी दुसरं बरं.

आता एक बारकावा. बरीच मुलं घरापासून मोठ्या स्टेशनापर्यंत पासवर जातात आणि तिकीट फक्त आयसीईच्या टप्प्याचं काढतात. पाच-सहा युरो वाचतात खरे. पण हे दोन वेगळे करार झाले. लोकल उशिरा आली आणि आयसीई चुकली तर ते तिकीट बुडालं, कारण रेल्वेच्या दृष्टीने आयसीई वेळेवर होती, तुम्ही नव्हता. त्याऐवजी श्पारप्राइस आपल्या राहत्या गावाच्या स्टेशनापासून नातेवाइकांच्या गावाच्या स्टेशनापर्यंत, अख्ख्या वाटेचं एकत्र काढा. मग पहिल्या लोकलच्या उशिरामुळे मुक्कामी पोचायला वीस मिनिटं उशीर होण्याची चिन्हं दिसली की गाडीचं बंधन सुटतं आणि पुढची कुठलीही गाडी पकडता येते. तासाभराच्या उशिराला २५ टक्के, दोन तासांच्या उशिराला ५० टक्के परतावाही मिळतो, अर्ज तीन महिन्यांत करायचा असतो. २०२४ मध्ये डॉइश बानच्या लांब पल्ल्याच्या गाड्यांपैकी ६२.५ टक्केच वेळेवर होत्या, आणि सहा मिनिटांपर्यंतचा उशीर त्यांच्या हिशेबात उशीरच नव्हे. त्यामुळे ही तरतूद फक्त पुस्तकात राहत नाही.

बानकार्ड २५ घेण्याचा मोह होईल. दोन-तीन लांब प्रवास असतील तर परवडतंही, पण तेही आपोआप नूतनीकरण होणारं आहे. घेतलंत तर त्याच दिवशी बंद करायची सूचना देऊन टाका.

डबा दुभंगतो तेव्हा

प्रादेशिक गाड्यांची एक सवय आपल्याकडे नाही. वाटेत गाडीचे दोन-तीन तुकडे होतात आणि प्रत्येक तुकडा वेगळ्या गावाला जातो. म्युनिकहून आल्प्सच्या पायथ्याकडे जाणारी बीआरबी ही प्रादेशिक गाडी होल्त्सकिर्शनला फुटते, पुढे शाफ्टलाखला आणखी एकदा. पुढच्या डब्यात बसलेला टेगर्नझेला पोचतो आणि मागच्या डब्यातला बायरिशझेलला, दोघांकडे पास एकच. म्युनिकच्या विमानतळाकडे जाणारी एस-१ सुद्धा नॉयफार्नला दुभंगते, एक भाग विमानतळाकडे, दुसरा फ्रायझिंगकडे. चढण्याआधी त्या डब्याच्या दारावरचा किंवा आतला फलक वाचायचा, इंजिनावरचा नव्हे. फलाटावर ए, बी, सी असे विभाग लिहिलेले असतात आणि सूचनाफलकावर कुठला भाग कुठे उभा राहणार तेही येतं.

रूळदुरुस्तीही धरून चला. रेल्वेने मोठे मार्ग महिनोन्‌महिने पूर्ण बंद ठेवून दुरुस्त करण्याचं धोरण घेतलं आहे. फ्रँकफुर्ट-मानहाइम मार्ग २०२४ च्या जुलै ते डिसेंबर बंद होता, बर्लिन-हँबुर्ग ऑगस्ट २०२५ पासून दीर्घ दुरुस्तीसाठी बंद झाला. अशा वेळी गाडीऐवजी 'एसईव्ही' असं लिहिलेल्या बस सोडतात. पास त्यांत चालतो. त्यांचा थांबा मात्र स्टेशनासमोर असेलच असं नाही, आणि तिथवर बॅग ओढत न्यायची असते.

बॅगेवरून आठवलं. प्रादेशिक गाड्यांत तेवीस किलोची सुटकेस ठेवायला वेगळी जागा जवळजवळ नसते, सायकलींच्या कप्प्यात ती पायाने अडवून उभं राहावं लागतं. लहान स्टेशनांवरची लिफ्ट बंद असू शकते. दोन सोपे उपाय आहेत. फ्रँकफुर्टहून विमान असेल तर मोठी बॅग फेरीच्या सुरुवातीलाच त्या बाजूच्या नातेवाइकांकडे टाकून पुढे पाठीवरच्या सॅकने फिरा. नाहीतर डीएचएलने पार्सल पुढे पाठवा, ३१.५ किलोपर्यंत घेतात. पत्त्यात तुमच्या नावाखाली 'बाय' लिहून त्यांचं आडनाव घाला, दाराच्या घंटीवर असतं अगदी तसं. घंटीवर 'नाईक' आहे आणि पार्सलावर फक्त 'गावकर', तर ते परत जाईल. तिथे घरक्रमांकाच्या पुढे फ्लॅटचा क्रमांक नसतो, पोस्टमन घंटीवरची नावं वाचतो.

खेड्यात राहणाऱ्यांकडे जाताना शेवटच्या बसची वेळ त्यांनाच विचारा. गाडीने फिरणाऱ्या माणसाला ती माहीत नसते, पण तुम्ही विचारलं की निदान स्टेशनावर घ्यायला येतात. काही बस 'रुफबुस' असतात, आधी फोन केला तरच येणाऱ्या. रविवारी जाऊ नका असं नाही, पण दुकानं बंद असतात. भेटवस्तू शनिवारी घ्या किंवा मोठ्या स्टेशनातल्या उघड्या दुकानातून. १५ ऑगस्टला झारलँडमध्ये आणि बव्हेरियाच्या बऱ्याच भागात सणाची सुट्टी असते, त्या दिवशीही रविवारचंच वेळापत्रक.

त्या घरची मंडळी सोबत फिरायला निघाली आणि त्यांच्याकडे पास नसला तर बव्हेरियात 'बायर्न-टिकेट' निघतं, पाच जणांपर्यंत एकत्र, कामाच्या दिवशी सकाळी नऊनंतर. तुम्ही त्यात मोडू नका, तुमचा पास आहेच.

सीमेपलीकडचे नातेवाईक

पास सीमेवरच्या काही स्टेशनांपर्यंत चालतो. म्युनिकहून थेट झाल्त्सबुर्गच्या मुख्य स्टेशनापर्यंत, पावणेदोन तासांच्या आसपास, एका पैशाशिवाय. बाझलमध्ये फक्त बाडिशर बानहोफपर्यंत, पुढच्या स्विस स्टेशनासाठी वेगळं तिकीट. शेंगेन क्षेत्रात, म्हणजे ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंड किंवा लिस्बनला, जर्मन व्हिसावर जाता येतं, दिवसांची मर्यादा पाळून. पासपोर्ट सोबतच ठेवा, सीमेवर गाडीत तपासणी होते.

गोव्यातल्या बहुतेकांचे परदेशातले नातेवाईक मात्र स्विंडन नाहीतर लंडनला असतात, आणि तिथे ना हा पास चालतो ना हा व्हिसा. ब्रिटनचा व्हिजिटर व्हिसा वेगळा काढावा लागतो, तो गोव्यातून निघण्याआधीच काढलेला बरा. वर शेंगेन व्हिसा एकाच प्रवेशाचा असेल तर ब्रिटनला जाऊन जर्मनीत परतता येणार नाही. परतीचं विमान फ्रँकफुर्टहून असलं तर हा घोळ निस्तरत नाही. व्हिसावर प्रवेशांचा रकाना वाचूनच 'येतो' म्हणून सांगा.

घरून काय न्यायचं यावर आईशी वाद ठरलेला, म्हणून दोन ओळी. युरोपीय संघात मांस आणि दुधाचे पदार्थ प्रवाशाच्या सामानातून नेता येत नाहीत. चोरीस आणि खव्याचे पेढे घरीच राहू द्या. ताज्या फळांना वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र लागतं, त्यामुळे मानकुराद नाही. सूट फक्त अननस, नारळ, केळी, खजूर आणि ड्युरियनला. काजू, सुकी आमसुलं चालतात. केक-बिस्किटांना सूट असल्याने बेबिंकाही चालते. सुकी मासळी २० किलोपर्यंत कायदेशीर आहे. पण सुंगटांची पुडी तीन पिशव्यांत बांधूनही पाहुणचार करणाऱ्याच्या बंद खिडक्यांच्या फ्लॅटमध्ये काय होतं ते त्यांना आधी विचारलेलं बरं.

परतीच्या दिवशी फ्रँकफुर्ट विमानतळाला एस-८ किंवा एस-९, म्युनिकला एस-१ किंवा एस-८, दोन्हीकडे पास पुरतो. फक्त तारीख बघा. विमान १ सप्टेंबरला दुपारचं असलं आणि पास ऑगस्टअखेर बंद केलेला असला तर त्या एका फेरीचं तिकीट यंत्रातून काढायचं, आणि विमानतळाचा झोन शहराबाहेरचा असतो, तेव्हा यंत्रावर शहरातलं तिकीट न निवडता 'विमानतळ' हेच ठिकाण निवडायचं.